ड्रम कातावा, पण किती?

दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन जुनी फियाट खंडाळ्याला न्यायची आहे? मग आधी चाके उतरवून ब्रेकचे ड्रम पाहा. आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून नख फिरवा. चरे लागले, तर नुसते नवे लायनर घालून भागत नाही. ड्रम लेथवर कातून घ्यावा लागतो. पण कातला की तो पातळ होतो! पातळ ड्रम लवकर तापतो, तापून फुगतो आणि नेमके घाटाच्या उतारावर पेडल खोल जाते. पुष्कळ ड्रमांवर कमाल व्यास ओतलेला असतो. त्यापलीकडे मिस्त्रीला कातू देऊ नका. एका आसाचे दोन्ही ड्रम सारखेच कातावे. मर्यादा संपली असेल, तर नवाच घ्यावा. काटकसर करायला घरात इतर जागा पुष्कळ आहेत!