पाच ताऱ्यांचं वजन : ग्राहकांची मतं कशी तोलावीत?



आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा ऑनलाइन मार्केटिंगच्या साधनांशी काय संबंध? संबंध असा, की हा प्रश्न आपल्या गिरीजमधल्याच एका घरात उभा राहिला, आणि त्याचं उत्तर शोधताना आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलेला एक जुना धडा उपयोगी पडला.

एक मुलगी आमच्याकडे आली. वाडीतल्या घराच्या दोन खोल्या ती पर्यटकांना राहायला देते, जेवण घरचं. शनिवार-रविवार खोल्या भरतात, बाकी दिवस रिकाम्या. तिला कुणीतरी सांगितलं, की एक कीवर्ड रिसर्च टूल घे, म्हणजे लोक गूगलवर काय शोधतात ते कळेल आणि गिऱ्हाईक आपोआप येईल. वर्षाचे पैसे एकदम भरले तर मोठी सवलत. पण ते पैसे तिच्या वडिलांनी पावसाळ्याआधी पत्रे बदलायला बाजूला ठेवलेले. मोबाइल पुढे धरून ती म्हणाली, "सर, चार पूर्णांक सात तारे आहेत. शेकडो लोकांनी चांगलं म्हटलंय. घेऊ ना?"

आधी हे साधन काय करतं ते बघू. आपण गूगलवर जे शब्द टाकतो त्यांना कीवर्ड म्हणतात. कोणता शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो आणि त्या शब्दावर वर येणं किती कठीण आहे, हे असं साधन सांगतं. आता हे आकडे येतात कुठून? खरा हिशेब गूगलकडे. गूगलचं स्वतःचं 'कीवर्ड प्लॅनर' आहे, पण जाहिरातींवर फारसा खर्च न करणाऱ्यांना २०१६ पासून ते नेमका आकडा न देता पल्ला देतं, म्हणजे 'एक हजार ते दहा हजार' असं काहीतरी. बाकीच्या कंपन्या वेगवेगळ्या ठिकाणची माहिती जमवून अंदाज बांधतात. म्हणून एकाच शब्दाला दोन साधनं दोन आकडे दाखवतात. 'कठीणपणा' तर प्रत्येक कंपनी आपापल्या सूत्राने काढते.

एक घरचं उदाहरण घ्या. आपल्या हिराडोंगरीवर वज्रगड आहे. त्या मुलीला वाटलं, 'वज्रगड' हा शब्द पकडावा. पण पुरंदरच्या शेजारीही वज्रगड आहे, आणि इतिहासात तोच जास्त गाजलेला. टूल 'वज्रगड' या शब्दापुढे एक आकडा लिहील. शोधणाऱ्याच्या मनात वसईचा होता की पुरंदरचा, हे त्या आकड्यात नाही. शिवाय आपली माणसं मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, तेही प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने. आकडा बरोबर असला तरी तो आपल्या कामाचा आहे, असं होत नाही.

आता येऊ मूळ प्रश्नाकडे. दुसऱ्याच्या सांगण्यावर आपण कधी विश्वास ठेवावा? न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. चार्वाकांनी ते मानलंच नाही. बौद्ध आणि वैशेषिक म्हणाले, हे वेगळं प्रमाण नाही, हा अनुमानाचाच प्रकार. नैय्यायिक मात्र ठाम राहिले, आणि व्यवहार पाहिला तर त्यांचं बरोबरच वाटतं. औषधाच्या दुकानापासून एसटीच्या वेळेपर्यंत आपण रोज दुसऱ्याच्या शब्दावरच चालतो.

पण त्यांनी अट घातली. विश्वासू माणूस, म्हणजे 'आप्त', कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो. भाष्यकार वात्स्यायनांनी तर स्पष्ट केलं, की ही कसोटी ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखीच लागू. आप्तपणा हुद्द्यावर किंवा जातीवर ठरत नाही. कोण काय जाणू शकतो, यावर तो ठरतो.

मग आम्ही त्या मुलीबरोबर ओट्यावर बसलो आणि चाळीस मतं एकेक करून वाचली. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले.

पहिला, या माणसाला हे कळण्याची सोय होती का? "आकडे अगदी अचूक आहेत," असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. पण अचूक म्हणायला खरा आकडा शेजारी ठेवावा लागतो, आणि तो ग्राहकाकडे नसतो. आपली वेबसाइट असेल तर गूगलचं फुकट 'सर्च कन्सोल' दाखवतं, की कोणत्या शब्दावर आपलं पान किती वेळा दिसलं. त्याच्याशी ताडून पाहिलं असं ज्याने लिहिलं, त्याच्या मताला वजन. बाकीच्यांचं ते समाधान, ज्ञान नव्हे. काहींनी तर घेतल्यापासून तिसऱ्या दिवशी पाच तारे दिले होते. शोधात वर यायला महिने लागतात. तीन दिवसांत कळते ती फक्त स्क्रीनची मांडणी.

उलट, "बंद करूनही कार्डावरून पैसे कापले" ही तक्रार घ्या. असं लिहिणारा चिडलेला असतो, भाषाही कडवट असते. पण स्वतःच्या बँकेचं पासबुक तो स्वतः पाहतो. म्हणून अशा तक्रारी वेगवेगळ्या लोकांकडून आल्या, तर त्या गोड शब्दांपेक्षा जड.

दुसरा प्रश्न, सांगण्यात त्याचा काय फायदा? मताखाली खरेदीची लिंक असेल आणि त्यावरून घेतल्यास लिहिणाऱ्याला कमिशन मिळत असेल, तर तो खोटंच बोलतो असं नव्हे. पण तो साक्षीदारही आहे आणि विक्रेताही. ते त्याने उघड सांगितलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सोशल मीडियावरच्या प्रचारासाठी तसा नियम केला. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन मतांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते ऐच्छिक होतं. म्हणजे चाळणी शेवटी आपल्याच हातात.

तिसरा प्रश्न, त्याची गरज आणि आपली गरज एकच आहे का? न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपनीला शंभर ग्राहकांचे शब्द सांभाळायचे असतात. तिचे पाच तारे खरे, पण दोन खोल्यांच्या घराला ते लागू नाहीत.

चाळीसातून उरली सहा. त्यातल्या चौघांनी लिहिलं होतं, की छोट्या गावांच्या शब्दांपुढे हे साधन नुसतं शून्य दाखवतं. तारे बघून हे कधीच कळलं नसतं. चार पूर्णांक सात ही सरासरी होती, आणि सरासरीत जाणणारा आणि न जाणणारा एकाच मापाने मोजला जातो.

आपल्याकडे याचा एक चांगला नमुना आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके ही माणसं त्यामागे होती. शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याचं सामान एकत्र मागवायची आणि आपसांत वाटून घ्यायची. तिथे तांदूळ चांगला म्हणणारी बाई तोच तांदूळ घरी शिजवत होती. उद्या ती जिन्यात भेटणार होती. आप्ताच्या दोन्ही अटी आपोआप पुऱ्या होत. स्क्रीनवरच्या अनोळखी नावाच्या बाबतीत त्या आपल्याला मुद्दाम तपासाव्या लागतात, एवढाच फरक.

त्या मुलीने वर्षाचे पैसे भरले नाहीत. पत्रे बदलले. एका वहीत मात्र ती आता प्रत्येक पाहुण्याला विचारून लिहिते, की आम्हाला शोधताना तुम्ही नेमकं काय टाइप केलंत? खोल्या भरभरून वाहू लागल्या असं आम्ही सांगणार नाही. मधल्या दिवशी अजूनही रिकाम्या असतात. पण तिच्या वहीतला प्रत्येक शब्द जाणत्याचा आहे. पुढे कधी तिला टूल घ्यावंसं वाटलं, तर एक महिन्यापुरतं घेऊन त्या वहीशी ताडून बघता येईल.

आणि जाता जाता एक कबुली. मागे आमच्या पुतण्याने दुकान काढलं, तेव्हा त्याच्या आग्रहाखातर आम्हीही पाच तारे दिले. दुकानाची पायरीसुद्धा चढलो नव्हतो. प्रेमापोटी दिले, पण कुणीतरी अनोळखी माणूस ते वाचून पैसे खर्च करणार, हे तेव्हा मनातही आलं नाही. त्या रात्री आम्ही ते मत काढून टाकलं.

तेव्हा मंडळी, मत वाचताना जे तीन प्रश्न विचारायचे, तेच लिहिताना स्वतःला विचारा. किती दिवस वापरलं, काय स्वतः पाहिलं, बदल्यात काय मिळालं, एवढं लिहा. तारे कमी दिलेत तरी चालतील.