कंपन शून्य, पण संवेदक जिवंत आहे का?

सोलापूरजवळ फताटेवाडी येथे एनटीपीसीचे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्यातील प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच २०१७ व २०१९ साली सुरू झाले. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे अशा संचाची टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते. शिवाय अशा केंद्रांत पंप, पंखे, मोटारी फिरत असतात. बेअरिंग झिजू लागले, की कंपन वाढते. ते वेळीच कळावे म्हणून यंत्रांवर कंपन-संवेदक बसवतात.

समजा, नियंत्रण कक्षात एके दिवशी कंपन शून्य दिसले. यंत्र थांबले आहे, की संवेदकच मुका झाला आहे? संवेदक मुका असेल, तर बेअरिंग झिजत राहील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

हे ओळखायचे कसे? नेहमीच्या एका प्रकारच्या संवेदकात दाबविद्युत् स्फटिक असतो. असा स्फटिक दाबला, की त्यावर विद्युत् भार निर्माण होतो, हे पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवले. हा भार अगदी अल्प. म्हणून शेजारीच एक चिमुकला विवर्धक असतो. त्याला बहुधा २४ व्होल्टच्या पुरवठ्यातून काही मिलिअँपिअर स्थिर प्रवाह देतात. विवर्धक ठीक असला, की दोन तारांमध्ये सुमारे १२ व्होल्टचा स्थिर दाब राहतो. कंपनाचा संकेत या दाबावर लाटेसारखा वरखाली होतो. यंत्र थांबले तरी हे १२ व्होल्ट असतातच. झोपलेल्या माणसाची नाडी चालूच असते ना, तसे!

तंत्रज्ञ पुरवठा चालू ठेवून मल्टिमीटरने हा दाब मोजतो. साधारण १० ते १४ व्होल्ट आले, तर नाडी ठीक. २४ च्या आसपास आले, तर तार कोठेतरी तुटली आहे. शून्याजवळ आले, तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा पुरवठाच बंद आहे. इतर आकडे बहुधा विवर्धक बिघडल्याची खूण. मात्र संवेदक यंत्रावर सैल बसला असेल, तरी दाब बरोबरच येतो. म्हणून तो घट्ट आहे ना, हेही पाहावे लागते.

शाळेत करून पाहा : दोन सेल आणि दोन सारखे बल्ब एकसरीत जोडा. एका बल्बच्या टोकांशी सुमारे दीड व्होल्ट दिसतील. तो बल्ब काढा. होल्डरच्या टोकांशी तीन व्होल्ट येतील. ती टोके तारेने जोडा, शून्य येईल. तुटलेली तार आणि चिकटलेल्या तारा अशाच ओळखता येतात!