तुकड्यांची शेती आणि सातबाऱ्यावरची नावे

मे महिन्यात मुंबईची भावकी गावी आली, की बैठकीत विषय हटकून सातबाऱ्यावर येतो. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत आमची जमीन अठरा गुंठे, तीही चार ठिकाणी, आणि उताऱ्यावर नावे तेवीस. एक खाचर वहाळाकाठी, दुसरे पार टेकाडावर. नांगर-बैल आणि तरवा इकडून तिकडे नेण्यातच लावणीची सकाळ सरते. बांधाखाली जागा जाते ती वेगळीच. एवढ्याशा तुकड्याला कुंपण परवडत नाही, म्हणून रानडुकरे आमच्याआधी जेवतात.

मग तुकडे एकत्र केले की पीक वाढेल काय? 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यामागे हाच विचार होता. पण कोकणची जमीन देशासारखी सपाट नाही. वरच्या खाचरात पाणी टिकत नाही, तिथे हळवे भात. खालच्या मळ्यात गरवे. पाऊस लवकर गेला तर वरचे करपते, खालचे तगते. आमच्या आजीला हे पाठ होते. कागदावर गुंठ्याला गुंठा सारखा, चिखलात नाही.

बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतीवर निबंध लिहिला. शेत नुसते मोठे करून भागत नाही. त्याच्या प्रमाणात भांडवल, बैल, अवजारे हवीत, आणि जमिनीवरचा जादा माणसांचा भार उद्योगधंद्यांनी उचलावा, असे त्यांनी मांडले. आपली माणसे गिरण्यांत, गोदीत गेलीच की! माणसे गेली, नावे मात्र उताऱ्यावर राहिली, आणि भांडवल काही आले नाही. 1927 साली मुंबई कौन्सिलात लहान शेतीचे बिल आले. लहान शेतकरी त्याने भूमिहीन होईल म्हणून बाबासाहेबांनी विरोध केला. मालकी ज्याची त्याला ठेवून सहकाराने कसा, हा त्यांचा उपाय. खोती कायद्याने गेली 1949 साली, महारवतने 1958 च्या कायद्याने. इतक्या उशिरा हाती आलेली जमीन एकत्रीकरणाच्या नावाखाली विकू नये, असे आम्हांस स्पष्ट वाटते.

शासनाने 2023 साली सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान 12 वर्षे असेल, तर मुद्रांक शुल्क 1000 रुपये व नोंदणी फी 1000 रुपये भरून अदलाबदल करता येते, अशी तिची तरतूद. तोंडी अदलाबदल करून बसलेल्या घरांनी तलाठ्याकडे चौकशी करावी.

यंदा आमच्या चार घरांनी खालचे मळे एकत्र कसायचे ठरविले आहे. पॉवर टिलर भाड्याने, भात गुंठ्याप्रमाणे वाटून. कागद तयार आहे. विरार आणि कुर्ल्याच्या तिघांच्या सह्या तेवढ्या राहिल्या आहेत.