पंचेचाळीस अंशांत टिकणारा फोन

मेमरी चिपांपाठोपाठ मोबाइल महागले. बातमी सगळ्यांनी वाचली आणि अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानांत एकच प्रश्न सुरू झाला: आताच घ्यावा की थांबावं? माझं मत स्पष्ट आहे. जुना चालतोय तोवर थांबा. घ्यायचाच झाला, तर मेगापिक्सेल मोजण्याआधी आपला मे महिना आठवा.

हे शहाणपण मला राजापेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या दादांनी दिलं. गेल्या उन्हाळ्यात माझ्या फोनचं मागचं झाकण कडेनं उचललं गेलं. दादांनी ते गरम केलं, फटीत पातळ पत्ती सरकवली आणि अलगद उघडलं. आत बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली.

‘‘गाडीच्या हँडलले लावून फिरता ना दुपारचं?’’ त्यांनी लगेच ओळखलं. ‘‘वरून ऊन, आतून मॅप, अन् त्यातच चार्जिंग. बॅटरी काय करनार भाऊ? उन्हाळ्यात लय येतेत अशा.’’

दादांचं निदान शास्त्राला धरून आहे. उष्णतेनं लिथियम-आयन बॅटरीतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात, आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर झीज आणखी जलद. अ‍ॅपल आयफोन वापरण्यासाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं, नुसता ठेवण्यासाठी कमाल ४५. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं. म्हणजे आपल्याकडे सावलीतसुद्धा फोन मर्यादेबाहेर जातो.

म्हणून दुकानात तीन गोष्टी विचारा. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का? सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळतील? काही कंपन्या आता महागड्या फोनना ७ वर्षं देतात. स्वस्तातल्यांचा आकडा मुद्दाम विचारावा लागतो. आणि तिसरं, बॅटरी बदलायचा खर्च किती, ती अमरावतीतच मिळेल की नागपूरला जावं लागेल? जुना फोन घेत असाल तर स्टार-हॅश-०६-हॅश दाबून आयएमईआय काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा.

युरोपनं २० जून २०२५ पासून नियमच केला: ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीची क्षमता किमान ८० टक्के उरली पाहिजे. आपल्याकडे दुरुस्ती निर्देशांकाचा, म्हणजे फोन दुरुस्त करणं किती सोपं हे सांगणाऱ्या आकड्याचा, अहवाल मे २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाकडे आला. तो आकडा खोक्यावर छापणं सक्तीचं व्हायलाच हवं. वऱ्हाडातल्या ग्राहकाला त्याची गरज सगळ्यात जास्त आहे.

तोवर काळजी आपणच घ्यायची. उन्हात निघताना आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो. तसा फोनही हँडलवरून काढून पिशवीत टाकावा. उशीखाली चार्जिंगला लावू नये.

दादांनी बॅटरी बदलून दिलेला तो फोन आजही माझ्याकडे आहे. त्यात आईच्या आवाजात रोडग्यांची कृती आहे, मधेच चुलीतल्या गोवऱ्यांचा तडतडाट. फोन नवा होता तेव्हा त्याचं एवढं सुख वाटलं नव्हतं.