खोक्यावरचं साल आणि साच्याचं वय

कोपरगावहून शिर्डी-राहुरीच्या रस्त्याने नगरला (आता अहिल्यानगर) गेलं की तिथे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. लष्कराने फेब्रुवारी 1994 मध्ये उभारलेलं. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, माटिल्डा, सेंच्युरियन, विजयंत अशी खरी धुडं तिथे जवळून बघायला मिळतात. दुसऱ्या बाजूला, नाशिकच्या अलीकडे ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तो 1964 मध्ये मिग-21 बांधण्यासाठी सुरू झाला. एका हाताला रणगाडे आणि दुसऱ्या हाताला लढाऊ विमानं असलेल्या या पट्ट्यात कुणाला प्लास्टिकच्या मॉडेलचा नाद लागला, तर त्यात नवल नाही.

नाद म्हणजे काय, तर जुनी, न जोडलेली किट्स जमवणं. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटीला लगडलेले सुटे भाग, सूचनांचा कागद आणि पाण्यात भिजवून सोडवायची चिन्हं असतात. या चिन्हांना डिकल म्हणतात. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा आखातातून परतलेल्या एखाद्या काकांच्या माळ्यावर असं खोकं कधीतरी हाती लागतं. खोकं हाती आलं की सल्ले देणारेही भेटतात. त्यातले बहुतेक सल्ले चुकीचे असतात, आणि त्याचं मूळ कारण एकच: लोक खोकं बघतात, साचा बघत नाहीत.

‘जितकं जुनं, तितकं दुर्मीळ’

किटचे भाग पोलादी साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरून काढतात. साचा करायला प्रचंड खर्च येतो, पण एकदा झाला की तो दशकानुदशकं चालतो. कंपनी बुडाली तरी साचा बुडत नाही. तो विकला जातो आणि नव्या नावाने पुन्हा कामाला लागतो.

एअरफिक्सचंच बघा. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने 1939 मध्ये लंडनला ही कंपनी काढली, ती हवा भरायच्या रबरी खेळण्यांसाठी. नंतर तिने प्लास्टिकच्या फण्या केल्या. 1952 मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे जहाजाचं छोटं किट वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला विकायला आलं आणि धंद्याची दिशाच बदलली. 1981 मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. मग ती जनरल मिल्सच्या पॅलिटॉयकडे गेली आणि साचे फ्रान्समध्ये कॅलेला पोचले. 1986 मध्ये हम्ब्रोलने ती घेतली, 2006 मध्ये हॉर्नबीने. या सगळ्या प्रवासात एकाच साच्यातून वेगवेगळ्या खोक्यांत माल निघत राहिला. म्हणून साठ वर्षांपूर्वी बाजारात आलेलं एखादं विमान आजही सहज मिळू शकतं, आणि त्याची जुनी प्रतही तशी स्वस्तच असते.

प्लास्टिकवर कोरलेलं साल हा तर हमखास फसवणारा मामला. ते साल बहुधा साच्याचं असतं, तुमच्या हातातल्या प्रतीचं नव्हे. प्रत कधीची हे खोक्यावरच्या बोधचिन्हावरून, क्रमांकावरून, सूचनांच्या छपाईवरून आणि प्लास्टिकच्या रंगावरून ताडायचं. भागांच्या कडेला पातळ पापुद्रे सुटलेले दिसले तर साचा झिजल्यानंतरची प्रत असण्याचा संभव जास्त. या पापुद्र्यांना फ्लॅश म्हणतात.

मग दुर्मीळ काय? जो साचा टाकून दिला गेला, त्यातून निघालेला माल. एअरफिक्सचं पहिलं विमान म्हणजे 1950च्या दशकाच्या सुरुवातीचं स्पिटफायर. त्याच्या अंगावर ‘बीटी-के’ अशी अक्षरं होती, म्हणून संग्राहक त्याला ‘बीटीके’च म्हणतात. आकार इतका चुकलेला होता की जाणकारांनी नावं ठेवली आणि कंपनीने थोड्याच काळात दुसरा साचा केला. चांगलं स्पिटफायर पैशाला पासरी झालं. वाईट स्पिटफायरसाठी आज माणसं खिसा रिकामा करतात. मला हा न्याय फार आवडतो.

जाता जाता एक. 2010च्या दशकातल्या एअरफिक्सच्या अनेक खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं आहे. ते बघून नक्कल समजून खोकं परत ठेवू नका. हॉर्नबीने त्या काळात किट्सचं उत्पादन खरोखरच भारतात करून घेतलं होतं.

‘साचे नष्ट झाले, आता हे पुन्हा येणार नाही’

विकणाऱ्याचं हे लाडकं वाक्य. कधीकधी ते खरंही असतं, पण विश्वास ठेवण्याआधी फ्रॉगची गोष्ट ऐकावी.

ब्रिटनमध्ये 1936 मध्ये फ्रॉग या कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने किट्स काढली. फ्रॉगची मूळ विमानं उडणारी. ही न उडणारी, म्हणून पेंग्विन. 1/72 हे प्रमाणही तिथूनच रुळलं. या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंच उंच होतो आणि ओझरच्या मिग-21 चे पंख सव्वासात मीटरपेक्षा थोडेसेच कमी असले तरी मॉडेलमध्ये दहा सेंटिमीटरच्या आत बसतात. 1970च्या दशकात फ्रॉगचा कारभार आटोपला आणि साच्यांचा मोठा गठ्ठा सोव्हिएत संघात गेला. तिथून तोच माल ‘नोवो’ या नावाने बाहेर पडला. मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनी-जपानच्या विमानांचे साचे घ्यायला सोव्हिएत तयार नव्हते. ते रेव्हेल या दुसऱ्या किट कंपनीकडे गेले. म्हणजे एकाच कंपनीच्या साच्यांची वाटणी झाली ती युद्धात कोण कुणाच्या बाजूने होतं यावरून! पुढे नोवोही थांबलं, पण साचे पूर्व युरोपात फिरत राहिले आणि कुठल्या कुठल्या पिशव्यांतून तेच भाग निघत राहिले. एखाद्या बाजारात गचाळ छपाईची रशियन पिशवी दिसली तर तिला नाक मुरडण्याआधी आतला भाग उलटून बघावा.

अमेरिकेतल्या ऑरोरा या किट कंपनीबद्दल संग्राहक एक दंतकथा सांगतात: 1977 मध्ये साचे मोनोग्राम या कंपनीकडे नेताना मालगाडी घसरली आणि कित्येक साचे कामातून गेले. त्यातलं किती खरं, यावर वाद आहे. पण 1990च्या दशकात पोलर लाइट्स नावाच्या ब्रँडने ऑरोराची गाजलेली किट्स नवे साचे करून पुन्हा बाजारात आणली, हे पक्कं. तेव्हा साचा मेला तरी त्याचा पुनर्जन्म होऊ शकतो.

‘किट म्हणजे खऱ्याची हुबेहूब प्रत’

शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत विमानांची माहिती बाहेर मिळत नसे. तरी ऑरोराने 1950च्या दशकात ‘मिग-19’ काढलंच. ते जवळजवळ पूर्ण कल्पनेतलं होतं; खऱ्या मिग-19 शी त्याचा संबंध नावापुरता. 1986 मध्ये टेस्टर्सने ‘एफ-19 स्टेल्थ’ काढलं, तेही अंदाजाने. अमेरिकेने आपलं खरं स्टेल्थ विमान नोव्हेंबर 1988 मध्ये जाहीर केलं, तेव्हा त्याचं नाव निघालं एफ-117 आणि आकारही भलताच. तोवर एफ-19 धडाक्याने खपलं होतं. याच्या उलट, रेव्हेलने 1961 मध्ये काढलेल्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पोलारिस पाणबुडीच्या किटमध्ये इतके बारकावे होते की अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल रिकोव्हर संतापले: तीन डॉलरला रशियनांना आमची गुपितं! हुबेहूब आणि काल्पनिक, दोन्ही टोकांची ही किट्स आज संग्राहकांना सारखीच हवीहवीशी वाटतात.

आपल्याकडे हा गैरसमज भारतीय विमानं-जहाजांच्या बाबतीत महागात पडतो. 1965 च्या युद्धाने नॅट या लढाऊ विमानाला घरोघर पोचवलं, म्हणून कुणी एअरफिक्सचं 1960च्या दशकातलं नॅट हौसेने घेतो. खोकं उघडल्यावर आत दोन माणसांची जागा असते. रेड अ‍ॅरोज ही ब्रिटिश हवाई कसरतींची तुकडी वापरत असे, ते हे प्रशिक्षण विमान. आपल्या हवाई दलाचं नॅट एकाच वैमानिकाचं. तिरंगी वर्तुळं चिकटवली म्हणून ते भारतीय होत नाही. उलट, एअरफिक्सचं 1/600 मधलं ‘लिअँडर’ हे जहाज नावाने इंग्रज, पण माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘नीलगिरी’ (नौदलात दाखल 1972) त्याच आराखड्यावरची. थोडी कापाकापी केली तर ते खपून जातं. मात्र त्या वर्गातली शेवटची दोन, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’, इतकी बदलली होती की तिथे ही युक्ती चालत नाही.

रणगाड्यांचं त्यापेक्षा सोपं. नगरच्या संग्रहालयात जाऊन चाकं मोजावीत, फोटो काढता आले तर काढावेत, घरी येऊन किट समोर ठेवावं. आणि 1/35 या प्रमाणामागे काही गहन गणित असेल असं वाटत असेल तर तेही सोडून द्या. जपानच्या तामियाने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं किट केलं. त्यात बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून जो आकार धरला, तो 1/35 निघाला. बाकीचं जग त्याच्या मागे गेलं.

‘प्लास्टिकला काय होतंय?’

खूप काही होतं. सुरुवातीची पेंग्विन किट्स सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती. हे प्लास्टिक काळाबरोबर वाकतं, आक्रसतं आणि आंबट वास सोडतं, कारण त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं. असा वास येणारं खोकं इतर किट्सपासून लांबच ठेवावं. नंतरची किट्स पॉलिस्टिरीनची. ती त्या मानाने टिकाऊ, तरी ऊन लागलं की पिवळी पडतात. पॉलिस्टिरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं, त्यामुळे कोपरगावचा मे महिना घरात बाधत नाही. पण बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या किटचे पातळ भाग वाकू शकतात. पत्र्याखालच्या माळ्यावर, वर जड सामान रचून, खोकी ठेवू नयेत ती याच कारणाने. मऊ व्हिनाइलचे टायर ज्या भागाला टेकून राहतात तिथलं प्लास्टिक ते हळूहळू खातात. खोकं घरी आलं की टायर वेगळ्या पिशवीत टाकणं हे पहिलं काम.

आपल्या घरांतला सगळ्यात मोठा शत्रू मात्र डांबरगोळी. कसर लागू नये म्हणून ती खोक्यात टाकायची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे, आणि नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टिरीनला मऊ करते. कपाट उघडावं तर विमानाचे पंख चिकट झालेले! कागदासाठी जुन्या पोथ्यांसारखं वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवला तरी चालतं. पिवळ्या पडलेल्या डिकलवर एक उपाय आहे. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला काही दिवस चिकटवायचा. जे ऊन प्लास्टिकला मारतं, तेच डिकलचा पिवळेपणा बऱ्याचदा उतरवतं.

‘फेविक्विक आहे की!’

फेविक्विकने भाग चिकटतात, पण त्याची वाफ पारदर्शक काचेवर पांढरा थर आणते आणि सांधा ठिसूळ राहतो. मॉडेलचं सिमेंट चिकटवत नाही, ते प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतं. त्यात अ‍ॅसिटेट वर्गातली द्रावकं असतात. इथे कोपरगावकराने कान टवकारावेत: अशाच द्रावकांपैकी इथाइल अ‍ॅसिटेट तालुक्यातल्याच साकरवाडीला, गोदावरी बायोरिफायनरीजच्या कारखान्यात, अल्कोहोलपासून तयार होतं. उसाच्या मळीचं नातं असं दूरवर जातं. अर्थात कारखान्याचं रसायन मागायला जाऊ नका. दुकानातली छोटी बाटली पुरते, आणि तीही खिडकी उघडी ठेवून, देवघरातल्या समईपासून लांब वापरावी, कारण वाफ पेट घेते.

‘सील असेल तरच घ्या’

सील लावणारं यंत्र आता कुणाकडेही असतं. शिवाय खरं जुनं सील असलं तरी आत भाग कमी असण्याचा धोका उरतोच. आतल्या पिशव्या बंद असलेलं, पण झाकण उघडणारं खोकं मला जास्त भरवशाचं वाटतं. खोक्यावरच्या चित्राचीही वेगळी किंमत असते. एअरफिक्ससाठी रॉय क्रॉस यांनी 1964 ते 1974 या काळात काढलेली चित्रं मूळ रूपात असतील तर संग्राहक आधी खोकंच विचारतात. पुढच्या छपायांत त्याच चित्रांतले स्फोट आणि गोळीबार पुसून टाकले गेले, म्हणून स्फोट दिसतोय का हेही बघावं.

परदेशातून मागवताना दोन गोष्टी. पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिलं की सीमाशुल्क लागत नाही, हा समज जुना झाला. डिसेंबर 2019 पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून शुल्कमुक्त भेटवस्तूंची सवलत बंद आहे. आणि विक्रेत्याने ‘अँटिक’ म्हटलं म्हणून किट पुरावस्तू होत नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे; पहिल्या पेंग्विनचीसुद्धा शंभरी 2036 मध्ये भरेल.

राहता राहिलं अर्धवट जोडलेलं, खोकं हरवलेलं किट, जे जुन्या बाजारात खेळण्यांच्या ढिगात पडलेलं असतं आणि ज्याकडे संग्राहक बघतही नाहीत. साचा दुर्मीळ असेल तर ते जरूर उचलावं. जुन्या ट्यूबमधल्या घट्ट गोंदाचे सांधे बऱ्याचदा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्यावर कडक होऊन हलक्या हाताने सुटतात. पातळ सिमेंटने एकजीव झालेले सुटत नाहीत, तिथे बारीक करवतच लागते.