रंगाच्या खपलीची झडती
धडक देऊन गाडी पसार होते, पण जखमीच्या कपड्यांवर रंगाची बारीकशी खपली राहून जाते. तपासाला तेवढी पुरते. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर बहुधा चार थर असतात: गंजरोधक प्रायमर, सरफेसर, रंगाचा बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा. गॅरेजमध्ये पुन्हा रंग मारला असेल तर थर वाढतात, आणि तपासनिसाचं फावतं.

इन्फ्रारेड वर्णपटातून मुख्यतः रेझिन, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा घटक, कळतं. रंगद्रव्यासाठी कामी येतो तो सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये कलकत्त्यात शोधलेला परिणाम. खपलीवर लेझर सोडला की विखुरलेल्या प्रकाशात प्रत्येक द्रव्याची ठरावीक शिखरं दिसतात. रुटाइल टायटॅनियम डायऑक्साइडची ठळक शिखरं 447 आणि 612 प्रति सेंटिमीटरजवळ. अर्थात हे द्रव्य जवळपास प्रत्येक पांढऱ्या गाडीत सापडतं. नुसत्या त्यावर कोणाला पकडता येत नाही. निळं थॅलोसायनिन, लाल क्विनाक्रिडोन आणि थरांचा क्रम एकत्र जुळला, तर गोष्ट वेगळी.

काही रंगद्रव्यं लेझरखाली स्वतःच चमकतात आणि शिखरं झाकोळतात. अशा वेळी 785 नॅनोमीटरचा लेझर वापरून पाहतात.

अमेरिकेतल्या ‘ग्रीन रिव्हर’ हत्याकांडात तर खपलीही नव्हती. बळींच्या कपड्यांवर होते फवाऱ्याच्या रंगाचे सूक्ष्म गोळे. इन्फ्रारेड तपासणीत तो ड्यूपाँटचा ‘इमरॉन’ निघाला. या खुनांमधला आरोपी गॅरी रिजवे केनवर्थच्या कारखान्यात ट्रक रंगवायचा, तिथे हाच रंग वापरात होता. 2003 मध्ये त्याने 48 खुनांची कबुली दिली.