वायरलेस कीबोर्ड-माउस : घेण्यापूर्वी

- रिसीव्हर : नखाएवढा यूएसबी तुकडा. बहुतेक संचांत कीबोर्ड-माउसला मिळून एकच. अनेकदा माउसच्या सेलच्या खणात असतो. खोका टाकण्याआधी तिथे पाहा.
- ब्लूटूथ : रिसीव्हर लागत नाही, मात्र संगणकात ब्लूटूथ हवे.
- लहरी : दोन्ही प्रकार २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. पल्ला साधारण १० मीटर.
- सेल : स्वस्त संचांत बहुधा एए किंवा एएए.
- डीपीआय : माउस एक इंच सरकला की नोंदले जाणारे बिंदू. रोजच्या कामाला १,००० पुरेसे.
- बटणे : पूर्ण कीबोर्डवर सुमारे १०४, उजवीकडचा अंकांचा गट वगळल्यास ८७.
- मराठी : इन्स्क्रिप्ट ही टायपिंगची मांडणी विंडोजमध्ये आधीपासूनच असते. इंग्रजी ‘के’च्या बटणावर क, शिफ्टसह ख. मराठीसाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही.